नाव न सांगायचा पिक्चर

३ जून

टकळे,

निकाल आधी: भिकार.

आता कारणं. उडणाऱ्या माणसाचा तो नवा पिक्चर शुक्रवारी आमच्या थिएटरला लागला. तीन दिवस दारात उभी राहून तुकड्यातुकड्यांनी पाहिला. सोमवारी दुपारी गर्दी नव्हती, मॅनेजरने खुर्ची दिली, तेव्हा सलग पाहिला. तुकड्यांनी बरा होता. अंगात एवढी ताकद की पूल उचलतो, आगबोट उचलतो, शेवटी अख्खा डोंगर उचलून शेजारी ठेवतो. डोंगराने काय घोडं मारलं होतं याचं? आणि एवढं करून तोंड असं, जणू कुणी पुढचं ताट ओढून नेलंय. सव्वादोन तास त्या तोंडाची घडी मोडत नाही. त्यापेक्षा तो दुष्ट माणूस बरा, निदान हसतो तरी. पब्लिकसुद्धा त्याच्याच बाजूने होतं.

निकाल आधी का, म्हणून मागच्या पत्रात विचारलंस. खेळ सुटला की बाहेर पुढच्या खेळाची रांग उभी असते आणि सगळे मलाच विचारतात, "बाई, कसा आहे?" रांग सरकत असते, तिकिटं फाडायची असतात, एकच शब्द सांगायला वेळ मिळतो. चाळीस वर्षांची सवय, पत्रातही तीच उतरते. ज्याला कारणं हवीत त्याने थांबावं.

अक्षर मोठं आलंय, सांभाळून घे. मी पोस्टरवरून वाचायला शिकले, त्यामुळे बारीक लिहिताच येत नाही. आणि फोन घे म्हणून पुन्हा सांगू नकोस. फोन जवळ नेला की कानातलं यंत्र शिट्टी मारतं. इतकी वर्षं स्पीकरखाली उभी राहिले, त्याचं हे बक्षीस.

तुझ्या आईची चौकशी करत नाही. तुझे आजोबा गेले त्या संध्याकाळी मी खेळाला दारावर उभी राहिले, हा माझा गुन्हा. हाऊसफुल होता, दारावर दुसरं माणूस नव्हतं, आणि घरी बसून मी काय त्यांना उठवणार होते? तुझी आई म्हणाली, "मी मेले तरी तुला कळवणार नाही." मी म्हटलं, नको कळवूस. दोघींनी शब्द पाळलाय. तू मला लिहितेस हे तिला कळू देऊ नकोस. मी आपली तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावरच टाकत जाईन.

आजी

१४ जून

आजी,

तू त्या उडणाऱ्याच्या तोंडावर अन्याय केलास. तो डोंगर उचलतो तेव्हा खालच्या गल्लीत त्याची बहीण ढिगाऱ्याखाली असते. एवढी ताकद आहे, पण एका वेळी एकाच ठिकाणी असता येतं त्याला. म्हणून तोंड तसं. तो प्रसंग तू नक्की तिकिटं फाडताना चुकवलास, आणि सोमवारी खुर्चीत डुलकी काढली असशील. खरं सांग.

भिंत श्वास घेते तो हॉरर तुमच्याकडे लागलाय का? त्याची सबटायटल्स मी केली आहेत. बोललेलं तर टाइप करायचंच, शिवाय ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी आवाजही शब्दांत लिहायचे. 'दार करकरतं' हे मी एकसष्ट वेळा टाइप केलं. 'भिंत श्वास घेते' लिहू की 'भिंतीतून श्वास' लिहू, यावर ऑफिसात पाऊण तास भांडण झालं. तू बघ आणि सांग. तुझ्यासारख्यांसाठीच आहे ते.

आई घरी असते सध्या. चष्म्याच्या दुकानातून रजा घेतली आहे, कंटाळा आलाय म्हणे.

आणि एक नवीन काम आलंय. त्याचं नाव सांगायची बंदी आहे, फोनसुद्धा दारात काढून घेतात. पण तू कुणाला सांगणार? हॉररच आहे, फक्त भूत नाही. सत्तेचाळीस वर्षांची एक बाई. तिच्या पोटात काहीतरी वाढतंय. फोटोत दिसतं, काढता येत नाही. पोट उघडून बघितलं आणि परत शिवलं. ती आणि तिची मुलगी दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहतात. बाईने मुलीला शपथ घातली आहे, कुणालाही सांगायचं नाही.

आम्हाला पिक्चर एकदम देत नाहीत, तुकडे येतात, त्यामुळे पुढे काय ते मलाही माहीत नाही. पहिल्या तुकड्यात फार काही होत नाही. जिना चढताना बाई मधल्याच पायरीवर थांबते आणि मुलीला म्हणते, "तू हो पुढे, मी चप्पल नीट करते." चपलेला काही झालेलं नसतं.

कसा वाटतो?

तुझी टकळी

२२ जून

टकळे,

निकाल आधी: भिंतीचा, चालेल. गेमवाला, भिकारपेक्षा भिकार. तुझा बिननावाचा, पडणार.

डुलकी काढली होती. पुढे.

भिंतीच्या पिक्चरमध्ये भिंत श्वास घेते तरी भाडेकरू घर सोडत नाही, हे मला पटलं. दुसरं घर मिळणं काय सोपं आहे? तुझी अक्षरं वाचली. 'भिंतीतून श्वास' बरं आहे, तेच ठेवलंत ते चांगलं केलंत. मॅनेजर म्हणतो, बाई, तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून तुम्हाला हॉररची भीती वाटत नाही. त्याला काय कळतंय. अक्षरं वाचून झाली की मी पडद्याकडे बघतच नाही, मी लोकांचे खांदे बघते. खांदे वर गेले की पिक्चर पास. या पिक्चरमध्ये सहा वेळा गेले.

गेमवरून काढलेला तो दुसरा. हिरोला तीन जीव, पडद्याच्या कोपऱ्यात आकडा. पहिल्यांदा मेला तेव्हा मी हळहळले. दुसऱ्यांदा मेला तेव्हा घड्याळ पाहिलं. मरून परत उठायचं असेल तर रडायचं कुणासाठी आणि कशाला? गेम खेळायला बरा असेल, पण दुसऱ्याला खेळताना बघायला तिकीट काढायचं म्हणजे शेजाऱ्याला जेवताना बघण्यासारखं आहे.

आता तुझा. बाईच्या पोटात आहे आणि काढता येत नाही, हे पहिल्याच तुकड्यात सांगून मोकळे झाले? मग पब्लिकने बसायचं कशासाठी? माझं ऐकतील तर बाईला इंटरव्हलच्या आत मारावं. मरणारं माणूस फार वेळ पडद्यावर ठेवलं की लोक खायला उठतात, हे मी तुला दारात उभी राहून सांगते. आणि ती मुलगी काय नुसती बघत राहते? तिला काही कामाला लावा. शिवाय एवढ्या मोठ्या बाईला गणगोत नाही? आई नाही, मावशी नाही, आभाळातून पडली का?

चपलेचं मात्र बरं आहे. ते ज्याने लिहिलं त्याने माणसाला जिना चढताना पाहिलंय.

आजी

९ जुलै

आजी,

उशीर झाला. काम फार आहे. गेमवाल्या पिक्चरवरून तुझ्याशी कडाडून भांडायचं होतं, पण आज अंगात जोर नाही. एवढंच सांगते. तिसरा जीव उरतो तेव्हा तो हिरो कसा चालायला लागतो ते बघ. त्याआधी धावत असतो, आता पाऊल टाकण्याआधी जमीन चाचपतो. तेवढ्यासाठी पुन्हा बघ.

तू विचारलंस ना, बाईला गणगोत नाही का. या तुकड्यात कळलं. आई आहे तिला. दुसऱ्या गावात असते, रेल्वेच्या फाटकावर काम करते, गाडी आली की फाटक बंद, गेली की उघडं. दोघींचं पटत नाही, बोलणं बंद आहे. म्हातारीला यातलं काही माहीत नाही.

मुलगी कामाला लागली आहे. तुझं ऐकलं बहुतेक. आईला घेऊन रुग्णालयात जाते, कागद हातात धरून रांगेत उभी राहते, एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर. आईचे केस तिने स्वतःच कापले, कारण उशीवर पडलेले बघवत नव्हते. नीट जमले नाहीत, एका बाजूला जास्त कापले गेले. आई आरशात बघून म्हणाली, "बरं झालं, आता लोक केसांकडे बघतील."

सुई टोचताना बाई डोळे मिटून वीसपासून उलटं मोजते. एकावर आली की विचारते, "झालं?" झालेलं नसतं. मग परत वीसपासून. ते सगळे आकडे मला टाइप करावे लागतात.

शेवट अजून ठरलेला नाही म्हणतात. ऑफिसात सगळ्यांना विचारतायत. म्हणून तुला विचारते, आणि या वेळी नीट विचार करून सांग. मुलीने शपथ मोडून म्हातारीला कळवलं, तर म्हातारी येईल का?

लवकर लिही. त्यांना घाई आहे.

टकळी

१५ जुलै

टकळे,

निकाल आधी: नाही येणार.

कारणं ऐक. फाटकावरची बाई फाटक सोडून जात नसते, ही पहिली गोष्ट. दुसरी, लेकीने नऊ वर्षं तोंडातून शब्द काढला नाही, आणि आता पोटात दुखायला लागल्यावर पोरीच्या तोंडून निरोप? शेजारणीकडे विरजण मागायला पोराला धाडतात तसं? म्हातारीलाही नाक आहे. लेकीला ते नाक तिच्याकडूनच मिळालंय, त्यामुळे लेकीला हे कळायला हवं.

पण तुझ्या त्या लोकांना एक सांग आणि नीट लिहून घ्यायला सांग. लेकीने स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली, ओळ कशाला, 'ये' एवढं एकच अक्षर लिहिलं, तर म्हातारी फाटक आहे तसं टाकून, गाडी येवो नाहीतर जावो, अनवाणी धावत सुटेल. हा शेवट ठेवला तर लोक खुर्चीतून उठणार नाहीत. एक अक्षर. तेवढंही लिहिणाऱ्याला सुचत नसेल तर पिक्चर काढायच्या भानगडीत पडू नये.

तिसऱ्या जिवाचं चालणं पाहिलं. तुझं बरोबर आहे. पिक्चर तरीही भिकार.

केस वाढतात म्हणावं.

आजी

११ ऑगस्ट

आजी,

आई वीस जुलैला सकाळी गेली.

पिक्चर नव्हता, हे आता वेगळं सांगायला नको.

तुला वाटत असेल मी हे सगळं तिच्यामागे केलं. तसं नाही. तुझी पत्रं मी ऑफिसातून घरी आणून पुस्तकांमागे ठेवायचे. ती तिला तीन वर्षांपूर्वीच सापडली होती. कधी बोलली नाही. आजारी पडल्यावर एक दिवस पडल्यापडल्या म्हणाली, "म्हातारीचं नवीन काय आलंय? वाच की मोठ्याने." डोंगराने काय घोडं मारलं होतं, हे वाचलं तेव्हा इतकी हसली की टाके दुखले. मग मला म्हणाली, "आणखी जुनी काढ."

पिक्चरची कल्पना तिचीच. मी म्हटलं, आजीला सांगू दे. ती म्हणाली, "शपथ मोडायची नाही. पिक्चर म्हणून सांग. पिक्चर म्हटलं की ती सगळं ऐकून घेते, माणसांचं ऐकत नाही." मग ती सांगायची, मी लिहायचे. चपलेचं तिनेच सांगितलं. तू त्याला बरं म्हणालीस तेव्हा दिवसभर खूष होती, औषध द्यायला आलेल्या नर्सलासुद्धा सांगितलं. इंटरव्हलच्या आत मारा, यावरही हसली. मी नाही हसले.

शेवटचा प्रश्न तिचाच होता. मला म्हणाली, "बघू तरी काय म्हणते."

तुझं पत्र अठरा तारखेला आलं. रुग्णालयात तिच्या खाटेजवळ स्टूल ओढून मी वाचायला घेतलं. 'निकाल आधी: नाही येणार.' आईने हात वर केला. म्हणाली, "पुरे. शेवट कळला, आता कशाला बसायचं." आणि भिंतीकडे वळली.

मी पत्राची घडी घातली. आजी, मी पुढचं वाचलंच नाही. मलाही राग आला होता. आईला सांगितलंसुद्धा, "म्हातारीबद्दल तुझं बरोबर होतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी औषधांच्या रांगेत उभी असताना पर्समध्ये ते पत्र हाताला लागलं आणि पुढचं वाचलं. रांग सोडून वर धावले. तोवर तिच्या तोंडावर मास्क होता. ती माझ्याकडे बघत होती, पण मी दिसत नव्हते. मी तिच्या कानाशी वाकून सगळं पत्र वाचलं, दोनदा. तिच्या हातात पेन दिलं, खाली कागद धरला. बोटं मिटली नाहीत. मीच तिचा हात धरून लिहायला हवं होतं का? तसं करावंसं वाटलं, पण ते खोटं झालं असतं.

तिने ऐकलं की नाही, मला माहीत नाही. दिवसभर लोकांसाठी आवाज शब्दांत लिहिते, आणि त्या खोलीत काय ऐकू आलं हे मला लिहिता येत नाही.

एक विचारायचं आहे. मी पिक्चरमध्ये वर्षं किती झाली ते कुठेच लिहिलं नव्हतं. परत परत तपासलं. तू नऊ लिहिलीस.

तुला कळलं होतं का?

१७ ऑगस्ट

टकळे,

हो.

वीसपासून उलटं मोजायला तिला मीच शिकवलं. चार वर्षांची होती, कुत्रा चावला होता, चौदा सुया घ्यायच्या होत्या. सरळ मोजलं तर शेवट दिसत नाही, उलटं मोजलं की संपतं, असं सांगून तिला फसवलं होतं. तुझ्या पत्रात ते आकडे वाचले आणि पिक्चर तिथेच संपला. चपलेशी थोडी अडखळले होते. पण चांगलं लिहिलंय म्हणून पुढे गेले.

तरी मॅनेजरला विचारलं, असा पिक्चर येतोय का. तो म्हणाला, "असल्या पिक्चरला कोण येणार, बाई?" दोन दिवस तुझं पत्र पिशवीत घेऊन फिरले. बसच्या अड्ड्यावर जाऊन वेळ विचारून आले. सकाळी सव्वासातची आहे. मग घरी येऊन बसले आणि 'नाही येणार' लिहिलं.

मला वाटलं, ती पिक्चर काढून बोलतेय तर मीही पिक्चरमधूनच बोलते. तिने एक अक्षर लिहावं, मी हरायला तयार होते. पण आधी तिने. आम्हा दोघींत आधी कुणी, यावरच सगळं घालवलं आम्ही. ती म्हणाली ते बरोबर आहे, मी माणसांचं ऐकत नाही. कानांना दोष देता येईल, पण तो कानांचा नाही.

पत्र टाकल्यापासून महिनाभर रोज टपालाची वाट पाहिली. पिशवी भरून ठेवली होती, दोन लुगडी, कंगवा, औषधाच्या गोळ्या. मला वाटलं, अजून वेळ आहे. सत्तेचाळीस म्हणजे काय वय आहे? माझ्याआधी ती कशी जाईल, असं वाटलं. वाटण्याला काय लागतं.

आता तुझं. पुढची कारणं मी आधी लिहिली असती तर ती जगली नसती, पण ऐकून गेली असती. हे माझं. वाक्य माझं होतं, हात तिने वर केला, आणि तू घडी घातलीस ती राग आला म्हणून. राग यावा असंच लिहिलेलं होतं. तू तिचा हात धरून लिहिलं नाहीस ते बरं केलंस. मी ते अक्षर ओळखलं असतं आणि तुलाही आयुष्यभर ऐकवलं असतं.

रडले का, तर नाही. शेजारीण म्हणते, काल माझा नळ दिवसभर वाहत होता, तिने येऊन बंद केला. मला ऐकू आला नाही.

गुरुवारी सव्वासातच्या बसने येते आहे. न बोलावता येते आहे. आता येऊन काय उपयोग, हे तू म्हणायच्या आधी मीच म्हणते. दार उघडायचं की नाही ते तुझं तू ठरव. शिव्या द्यायच्या असतील तर डाव्या बाजूने दे, उजव्या कानाला काहीच येत नाही.

फक्त तिच्या कपाटाला एकटीने हात लावू नकोस. तिचे कपडे बाहेर काढणं, घड्या घालणं, कुठले कोणाला द्यायचे आणि कुठले ठेवायचे, ते मी करते. मला लवकर रडू येत नाही. त्या कामाला असं एक माणूस लागतं.

आजी